देहूरोड : वाटेच्या नावाचे गाव

नाशिकरोड, लातूररोड, सावंतवाडीरोड, आबूरोड. रेल्वेच्या नकाशावर अशी नावे पुष्कळ सापडतात. रूळ टाकताना इंजिनिअरांना चढ-उताराचा आणि पुलांचा हिशेब पाहावा लागे. प्रत्येक गाव त्या हिशेबात बसेलच असे नव्हते. मग गावापासून काही अंतरावर स्टेशन बांधले जाई आणि त्या गावाची वाट इथून फुटते हे कळावे म्हणून नावापुढे ‘रोड’ लागे. आमचे देहूरोड त्यातलेच. संत तुकाराम महाराजांचे देहू स्टेशनपासून सहा-सात किलोमीटरवर, इंद्रायणीच्या काठी. आमचे स्टेशन म्हणजे तिकडे जाणारी वाट.

पण या वाटेच्या तोंडाशीच हळूहळू एक शहर उभे राहिले. २०११ च्या जनगणनेत देहूरोड कॅन्टोन्मेंटची लोकसंख्या सुमारे ४९ हजार होती. गंमत अशी की एवढ्या माणसांच्या या शहराचे नाव दुसऱ्याच गावाचे आहे, आणि इथल्या बहुतेक घरांची मुळे आणखी तिसऱ्याच ठिकाणी आहेत. कुणाचे सोलापुरात, कुणाचे मराठवाड्यात, कुणाचे तमिळनाडूत, कुणाचे उत्तर प्रदेशात. म्हणून इथल्या माणसाला आयुष्यभर एक प्रश्न ऐकावा लागतो : “ते ठीक आहे हो, पण तुम्ही मूळचे कुठले?” मुस्लिम घरांना तर तो दोनदा विचारला जातो. आम्ही इथे तिसऱ्या पिढीचे. वर्गात उर्दू आणि मराठी शिकवतो. आमच्या विद्यार्थ्यांनाही या प्रश्नाचे उत्तर पटकन सापडत नाही. ते सापडावे म्हणून या छोट्या शहराचा भूगोल आणि इतिहास इथे मांडत आहोत. वाचकांपैकी कुणी पुणे-लोणावळा लोकलने जाताना एखाद्या दिवशी इथे उतरले तर त्यांनाही उपयोग होईल.

दोन नद्यांच्या मधली जागा

पुण्याहून लोकल निघाली की पिंपरी, चिंचवड, आकुर्डी जाते आणि मग देहूरोड येते. पुढे बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव. आकुर्डीपर्यंत दोन्ही बाजूंना कारखाने आणि उंच इमारती असतात. देहूरोड जवळ आले की झाडी वाढते, तारेची कुंपणे दिसू लागतात आणि डाव्या-उजव्या हाताला डोंगरांच्या सोंडा पुढे येतात. सह्याद्रीची मुख्य रांग उत्तर-दक्षिण आहे. तिच्यातून पूर्वेकडे अनेक धारा उतरतात आणि दर दोन धारांच्या मधून एक नदी वाहते. मावळ म्हणतात ते या खोऱ्यांना.

आमच्या एका बाजूला इंद्रायणी आहे आणि दुसऱ्या बाजूला पवना. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या परिसरात उगम पावते, देहू-आळंदीवरून जाते आणि तुळापूरला भीमेला मिळते. पवना पवनानगरच्या धरणातून खाली येते आणि दापोडीला मुळेत मिसळते. देहूरोड या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे. पावसाचेही तसेच. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुण्यात साधारण सातशे. आम्ही मध्ये. लोणावळ्याची माणसे आमच्याकडच्या पावसाला हसतात आणि पुण्याचे पाहुणे आले की छत्री मोडून घेऊन परत जातात.

कागदोपत्रीही आम्ही मध्येच आहोत. महसुलाच्या दृष्टीने तालुका हवेली, विधानसभेचा मतदारसंघ मावळ, २०१८ पासून पोलीस आयुक्तालय पिंपरी-चिंचवडचे, आणि दिवाबत्ती-पाणी-कचरा पाहणारे कॅन्टोन्मेंट बोर्ड केंद्राच्या संरक्षण खात्याचे. एका दाखल्यासाठी कुठल्या कचेरीत जायचे हे ज्याला बरोबर सांगता येते, तो खरा देहूरोडकर.

नांगर धरणाऱ्याच्या कुटुंबाचे लेणे

शहर नवे असले तरी ही वाट फार जुनी आहे. कोकणातल्या बंदरांवर उतरलेला माल घाट चढून पठारावर जाई. त्या वाटेवर मावळात कार्ले, भाजे, बेडसे ही बौद्ध लेणी कोरली गेली. व्यापारी थांबत, भिक्खू पावसाळा काढत, दान मिळे. याच माळेतला पुण्याकडचा एक मणी आमच्या शेजारी, शेलारवाडीच्या डोंगरात आहे. लोक त्याला घोरावडेश्वर किंवा घोराडेश्वर म्हणतात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून पायऱ्या लागतात. वर आता महादेवाचे देऊळ आहे, महाशिवरात्रीला मोठी गर्दी होते. तुकाराम महाराज एकांतासाठी भंडारा आणि भामचंद्र या डोंगरांप्रमाणे इथेही येत, अशी परंपरा सांगते. पण मूळ लेणी बौद्ध आहेत, दीड हजार वर्षांहून जुनी.

इथे ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक शिलालेख आहे. भाषेच्या शिक्षकाला त्याच्याइतका आनंद देणारा मजकूर क्वचितच मिळेल. धेनुकाकट नावाच्या गावी राहणारा उसभणक हा ‘हलकीय’, म्हणजे नांगर धरणारा शेतकरी. त्याची पत्नी सिअगुटनिका हिने आपला मुलगा नंद याच्यासह हे लेणे दान दिले, असा त्याचा आशय आहे. राजाचे नाव नाही, सेनापतीचे नाही. शेतकऱ्याच्या बायकोचे नाव दगडावर आहे आणि ते राजांच्या हुकुमांपेक्षा जास्त टिकले.

त्या लेखात तिच्या नवऱ्याला ‘कुडुबिक’ आणि तिला ‘कुडुबिणी’ म्हटले आहे. हा शब्द आपल्या ‘कुटुंब’ शब्दाच्या घरातला. ‘कुणबी’ हा शब्दही याच मुळापासून आला असे अभ्यासक मानतात. एखाद्या कौटुंबिक मासिकाच्या वाचकांनी तर हे लेणे पाहायलाच हवे. आणखी एक गोष्ट. हेच धेनुकाकट गाव कार्ल्याच्या लेखांतही वारंवार येते आणि तिथल्या दात्यांपैकी काहींनी स्वतःला ‘यवन’ म्हणवले आहे, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडचे परके. त्या काळीही या वाटेवर इथला शेतकरी आणि दूरदेशचा माणूस एकाच गावात राहत होते, एकाच डोंगररांगेत दान देत होते. ‘मूळचे कुठले’ हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असेल. उत्तर मात्र त्यांनी दगडावर आपले राहते गाव लिहून दिले.

अनगडशाह बाबांचा विसावा

लेणी शेलारवाडीच्या बाजूला. त्याच्या उलट दिशेला, देहूच्या रस्त्यावर, आमच्या वाचकांना जवळची वाटेल अशी दुसरी जागा आहे. देहूगावाच्या हद्दीत अनगडशाह बाबांचा दर्गाह आहे.

अनगडशाह हे तुकाराम महाराजांच्या काळातले फकीर. संतचरित्रांत त्यांच्या दोन गोष्टी येतात. एक अशी : त्यांचा कटोरा कुणाच्याही दानाने भरत नसे. ते फिरत फिरत तुकोबांच्या दारात आले. घरात द्यायला काही नव्हतेच. लहान मुलीने चिमूटभर पीठ आणून कटोऱ्यात टाकले आणि तो काठोकाठ भरला. दुसरी गोष्ट रामेश्वर भट्टांची. तुकोबांच्या वह्या बुडवायला लावणारे हे विद्वान अनगडशाहांच्या विहिरीत उतरले, फकिराचा कोप झाला आणि अंगाचा दाह थांबेना. शेवटी तो शमला तुकोबांपाशी. पुढे तेच रामेश्वर भट्ट त्यांचे अनुयायी झाले.

चमत्कार बाजूला ठेवला तरी या गोष्टींत एक साधी माहिती शिल्लक राहते. एका फकिराला त्या घरी रिकाम्या हाताने पाठवले गेले नाही, आणि वारकरी परंपरेने त्या फकिराला विसरू दिले नाही. तुकोबांचे पुत्र नारायण महाराजांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली. आजही ज्येष्ठ वद्य सप्तमीला प्रस्थान होते, पालखीचा पहिला मुक्काम देहूतल्याच इनामदार वाड्यात पडतो, आणि दुसऱ्या दिवशी पंढरपूरच्या वाटेला लागल्यावर पहिली अभंग-आरती अनगडशाह बाबांच्या दर्गाहपाशी होते. मग चिंचोलीच्या पादुका, मग हमरस्ता, मग आकुर्डी.

दर्ग्यांविषयी आपल्यात वेगवेगळी मते आहेत, ती असोत. आम्ही इथे पाहतो ते एवढेच की पालखीच्या दिवशी चिंचोलीपासून निगडीपर्यंतच्या रस्त्यावर पाण्याची पिंपे, केळी, राजगिऱ्याचे लाडू घेऊन उभ्या असणाऱ्यांत टोपी घातलेली मुलेही असतात. आमच्या वर्गातली असतात. त्यांना कुणी तसे करायला सांगत नाही. दारावरून तहानलेला माणूस जातो आहे, त्याला पाणी द्यायचे, हे घरीच शिकलेले असते.

पोहोचू न शकलेली फौज आणि पोहोचलेली रेल्वे

अठराव्या शतकात या खोऱ्याने एक मोठी लढाई पाहिली. मुंबईच्या इंग्रजांनी राघोबादादांना पेशवाईच्या गादीवर बसवण्यासाठी फौज पाठवली. ती घाट चढून कार्ल्यावरून जानेवारी १७७९ मध्ये तळेगावपर्यंत आली. मराठ्यांनी पुढची गावे आणि चारा आधीच जाळून टाकला होता. उपाशी फौज रातोरात मागे फिरली, वडगावला महादजी शिंद्यांच्या सैन्याने तिला गाठले आणि इंग्रजांना तह करावा लागला. तळेगावहून पुण्याला जाणारी वाट आमच्या आजच्या शहरावरून जाते. इंग्रजी फौज त्या वेळी इथे पोहोचू शकली नाही.

नंतर ते आले आणि रस्ता बांधून आले. पेशवाई संपल्यावर बारा वर्षांनी, १८३० मध्ये, बोरघाटातून गाड्या जातील असा रस्ता खुला झाला. खंडाळा ते पुणे रेल्वे १४ जून १८५८ रोजी धावू लागली. घाटातले रूळ अजून झाले नव्हते. घाटाचा टप्पा प्रवासी पालखी-डोलीने किंवा पायी पार करत आणि पुन्हा गाडीत बसत. १८६३ मध्ये घाटही पूर्ण झाला आणि मुंबई-पुणे सलग जोडले गेले. त्यानंतर या पट्ट्यात जे काही घडले ते रूळ आणि हमरस्ता यांच्या सोयीने घडले. आमचे शहर तर त्या दोहोंमुळेच आहे.

छावणी, दारू आणि गोळा

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थान हा ब्रिटिशांचा मोठा तळ बनला. पश्चिम आशियाला आणि पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीला लागणारे सामान साठवायला जागा हवी होती. खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना होताच. बंदर मुंबईत. या दोघांच्या मधल्या वाटेवर, रेल्वेला लागून, डोंगरांच्या आडोशाला आणि मोठ्या वस्तीपासून लांब अशी जागा लष्कराने निवडली. आजूबाजूच्या गावांच्या जमिनी गेल्या. किन्हई, चिंचोली, मामुर्डी, शेलारवाडी, झेंडेमळा ही नावे आज कॅन्टोन्मेंटच्या वस्त्यांची नावे म्हणून ऐकू येतात, पण ती मुळात शेतकऱ्यांची गावे. या शहरात ‘मूळचे’ म्हणण्याचा हक्क कुणाचा असेल तर पहिल्यांदा त्यांचा. युद्धासाठी दिलेली जमीन युद्ध संपल्यावरही परत आली नाही, हे दुःख तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात आजही असते.

दारूगोळा वस्तीपासून लांब का ठेवायचा याचा धडा मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी घेतला. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापूस आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके एकत्र होती. आग लागली, दोन प्रचंड स्फोट झाले, शेकडो माणसे गेली आणि गोदीलगतची वस्ती उद्ध्वस्त झाली. देहूरोडचे डेपो डोंगराआड का आहेत, गोदामे एकमेकांपासून इतकी लांब का आहेत, हे आम्ही मुलांना या घटनेवरून समजावतो.

शब्दांचीही गंमत सांगतो. ‘कॅन्टोन्मेंट’ हा इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतलेला शब्द. तिकडे त्याचा अर्थ सैन्याला तात्पुरते वस्तीला ठेवणे. आपल्याकडे त्याला ‘छावणी’ म्हणतात. उर्दू-हिंदीत ‘छाना’ म्हणजे शाकारणे, छप्पर घालणे. दोन्ही शब्दांत मुक्काम थोडक्या दिवसांचा आहे, इमारत मात्र कायमची झाली. ‘दारूगोळा’तला ‘दारू’ फारसी, मूळ अर्थ औषध. ‘सदर बाजार’मधला ‘सदर’ अरबी. लष्कराची भाषा नेहमीच दहा मुलखांतून गोळा केलेली असते. ‘उर्दू’ हा शब्दसुद्धा तुर्कीतल्या छावणीच्या शब्दावरून आला आहे. आम्ही छावणीत उर्दू शिकवतो म्हणजे तिला तिच्या माहेरीच शिकवतो, असे शिक्षकखोलीत थट्टेने म्हणतो.

१९८४ मध्ये डेपोंच्या जोडीला इथे ऑर्डनन्स फॅक्टरी आली. धूर, उजेड आणि इशारे देणारा दारूगोळा तिथे बनतो. २०२१ मध्ये देशातले आयुध कारखाने नव्या सरकारी कंपन्यांत विभागले गेले, तेव्हा ही फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली.

बाजारातल्या भाषा

डेपोला मजूर हवे होते. पेट्या उचलणारे, पेट्या रंगवणारे, सुतार, लोहार, चौकीदार, कारकून. भरतीची बातमी ज्या ज्या गावी पोहोचली तिथून माणसे आली. एकाने नोकरी धरली की तो भावाला बोलवी, भाऊ मेहुण्याला. आमच्या घरातले पहिले बुजुर्गही असेच आले. डोक्यावर एक ट्रंक, गावच्या माणसाचा पत्ता, आणि मराठी जवळजवळ येत नाही. अब्बा सांगत, की त्यांना मराठी शिकवली ती शेजारच्या खोलीतल्या मावशींनी, चूल उसनी देता-घेता.

बाजारात आजही ते ऐकू येते. सुभाष चौक, सवाना चौक, पारशी चाळ, एम. बी. कॅम्प, थॉमस कॉलनी, गांधीनगर, शितळानगर, विकासनगर. एका रस्त्याचे नावच अबूशेठ रोड. पत्त्यांची ही यादी वाचली तरी वस्ती कशी जमली ते कळते. एकाच किराणा दुकानात मालक मारवाडीत हिशेब करतो, गिऱ्हाईक तमिळमध्ये बायकोशी भाव ठरवते, आणि दोघे एकमेकांशी बोलतात ती हिंदी-मराठीची आमची खास खिचडी. इडलीचे पीठ दळून देणारी चक्की, रमजानमध्ये पहाटेपर्यंत चालू असणारी पावाची भट्टी, वडापावची गाडी, चर्चच्या फाटकासमोरचे फुलवाले, मशिदीच्या गल्लीतले अत्तर-टोपीचे दुकान, हे सगळे दहा मिनिटांच्या चालण्यात येते. जुम्याच्या नमाजाला डेपोतून सुटून येणाऱ्या सायकलींची रांग आम्ही लहानपणी पाहिली. आता तिथे मोटारसायकली असतात.

मिश्र वस्ती म्हणजे सगळे गोडच, असे आम्ही म्हणणार नाही. पाण्यावरून, स्पीकरवरून, पोरांच्या क्रिकेटवरून भांडणे होतात. देशात कुठे काही घडले की इथेही चार दिवस आवाज दबका होतो. पण एकाच हजेरीपटावर आयुष्य काढलेल्या माणसांना एकमेकांच्या घरातली आजारपणे, लग्ने, मयत माहीत असतात. भांडण वाढू लागले की अशाच दोन निवृत्त माणसांना बोलावले जाते. ते जुने सहकारी एकमेकांना नावाने हाक मारतात आणि बहुतेक वेळा तिथेच प्रकरण मिटते.

२५ डिसेंबर १९५४

या मजुरांच्या वस्तीने देशाच्या इतिहासात एक तारीख लिहिली. डेपोत काम करणाऱ्या दलित कुटुंबांनी इथे बुद्धविहार बांधले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या महिन्यात रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते. रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात आपल्या हाताने केली. नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. म्हणजे त्या मोठ्या दिवसाच्या जवळपास दोन वर्षे आधी इथे ही घटना घडली. दर २५ डिसेंबरला राज्यभरातून माणसे येतात, लोकल भरून येते, स्टेशनपासून विहारापर्यंत पुस्तकांची दुकाने लागतात. त्याच दिवशी नाताळ असतो, त्यामुळे बाजारात पाय ठेवायला जागा नसते.

शेलारवाडीच्या डोंगरात शेतकऱ्याच्या बायकोने बुद्धाच्या भिक्खूंसाठी लेणे दिले. त्याच डोंगराच्या परिसरात शेकडो वर्षांनी डेपोच्या मजुरांनी बुद्धासाठी विहार बांधले. मधल्या काळात कुणी कुणाला हा वारसा सांगितला नव्हता. आपल्या कष्टाच्या पैशातून आपल्या श्रद्धेची जागा उभी करणारी साधी माणसे, एवढेच दोन्हीकडे समान. मशीद, मंदिर, चर्च, विहार, इथली प्रत्येक जागा अशाच पगारातून कापलेल्या वर्गणीवर उभी आहे. एकही राजाने बांधलेली नाही.

रेड झोन आणि उद्याचा पत्ता

आता आजची अडचण. दारूगोळ्याच्या डेपोभोवती दोन हजार यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे एक किलोमीटर आठशे मीटरपर्यंत, बांधकामाला मनाई आहे. याचा आधार १९०३ चा एक कायदा. लोक त्याला ‘रेड झोन’ म्हणतात. त्याची रेघ देहूरोडपुरती थांबत नाही. निगडी, तळवडे, किवळे, देहूपर्यंतच्या जमिनींवरून ती जाते. सुरक्षेची गरज खरी आहे, मुंबईच्या गोदीने ती शिकवलीच. पण रेघेच्या आत जन्मलेल्या कुटुंबांचेही प्रश्न खरे आहेत. मुलाचे लग्न झाले, वर एक खोली हवी, परवानगी नाही. घर विकायचे, खरेदीदाराला बँक कर्ज देत नाही. आमच्या नात्यातले एक घर असेच चौघा भावांत अडकले आहे. कुणाला वाटणी नाही, कुणाला दुरुस्ती नाही.

दुसरा बदल आणखी मोठा आहे. देशभरातल्या छावण्यांमधली नागरी वस्ती लष्करापासून वेगळी करून शेजारच्या नगरपालिका-महापालिकांत सामील करायची, असे केंद्राचे धोरण आहे. हिमाचलमधल्या योल छावणीपासून २०२३ मध्ये सुरुवात झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये व्हायच्या कॅन्टोन्मेंट बोर्डांच्या निवडणुका मार्चमध्ये रद्द झाल्या. त्याआधीची निवडणूक २०१५ च्या जानेवारीतली. देहूरोडची नागरी वस्ती पिंपरी-चिंचवड महापालिकेत जाण्याची चर्चा तेव्हापासून सुरू आहे. महापालिका आली तर रस्ते, दवाखाने, शाळांना जास्त पैसा मिळेल असे अनेकांना वाटते. करांचे काय होईल, भाडेपट्ट्यावरच्या घरांचे काय होईल, ही काळजीही आहे.

आमची काळजी शिक्षकाची आहे. आम्ही प्रभाग झालो, तर एका मोठ्या शहराच्या नकाशावर आमचा एक क्रमांक असेल. किवळ्याला संपणारा द्रुतगती मार्ग, कात्रजकडे जाणारा बाह्यवळण रस्ता, यांच्या फलकांवर ‘देहूरोड’ हे नाव मोठ्या अक्षरांत राहीलच. पण फलकावर नाव असणे आणि त्या नावामागची माणसे कुणाला तरी माहीत असणे, यात फरक आहे. लष्कराचा इतिहास लष्कराच्या दप्तरात राहील, देहूचा इतिहास गाथेत आहे, लेण्यांचा दगडावर. डेपोत पेट्या उचललेल्या माणसांचा इतिहास कुठेच लिहिलेला नाही. तो आमच्या घरांतल्या ट्रंकांत आहे.

म्हणून गेल्या काही वर्षांपासून आम्ही आठवी-नववीच्या मुलांना दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एक काम देतो. घरातल्या सर्वांत जुन्या माणसाजवळ बसायचे आणि पाच गोष्टी लिहून आणायच्या : आपल्या घरातले कोण पहिल्यांदा इथे आले, कुठून आले, कुठल्या कामावर लागले, पहिली खोली कुठल्या चाळीत होती, आणि शेजारी कोण होते. जुना गेटपास, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, नोकरीच्या पहिल्या दिवसाचा फोटो सापडला तर त्याची प्रत काढून वहीत चिकटवायची. दादी-नानींना विसरायचे नाही, कारण नोकरीच्या कागदावर नाव पुरुषाचे असते आणि शेजाऱ्यांची नावे बायकांना माहीत असतात. मुले मजकूर आपल्या आवडीने उर्दूत किंवा मराठीत लिहितात. शेजारी कोण, या पाचव्या प्रश्नाच्या उत्तरात सर्वांत जास्त ओळी असतात.

हे काम देहूरोडपुरते नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर, मनमाड, जिथे जिथे गिरणी, रेल्वे, माग किंवा कारखान्याने माणसे गोळा केली, तिथल्या प्रत्येक कुटुंबाला ते करता येईल. वही आणि पेन एवढाच खर्च आहे, आणि सांगणारी माणसे हयात आहेत तोवरच ते होणार आहे.

आणि कधी पुण्याहून लोकलने आलात तर अर्धा दिवस काढा. सकाळी घोराडेश्वरच्या पायऱ्या चढा, ऊन वाढायच्या आत. खाली बाजारात चहा घ्या, विहार पाहा. दुपारनंतर देहूची गाडी पकडा, अनगडशाह बाबांच्या दर्गाहपाशी थांबा, इंद्रायणीच्या घाटावर बसा. रिक्षावाल्याला सहज विचारा, “भाऊ, तुम्ही कुठले?” तो बहुधा पहिल्या दमात सांगेल, “इथलाच.” पुढचा प्रश्न विचारू नका.